उपासाचं मीठ

वामन गेल्याचं मला शाळेच्या शिपायाने सांगितलं, आणि त्याच दमात शोकसभेची वेळही. सभेत प्रमुख पाहुण्यांनी त्याला ‘ज्ञानसूर्य’ म्हटलं. नाव मात्र दोनदा माधव घेतलं. वामन असता तर आठवडाभर हसला असता...

बालाघाटच्या त्या हिंदी शाळेत आम्ही दोघं मराठी घरांतले. मी इतिहास शिकवायचो, तो जीवशास्त्र. मूत्रपिंडाचा धडा आला की तो खांद्याची पिशवी टेबलावर उपडी करी. चष्मा, खडू, डबा, किल्ल्या, तिरोडीचं जुनं रेल्वे तिकीट. मग एकेक वस्तू परत आत ठेवी आणि तिकीट तेवढं खाली टाकी. “गुर्दा छलनी नहीं, गृहिणी है,” असं मुलांना सांगे; म्हणजे मूत्रपिंड चाळणी नव्हे, गृहिणी. रक्तातलं मीठ आधी बाहेर काढायचं, मग जवळजवळ सगळं परत घ्यायचं, जास्तीचं तेवढं जाऊ द्यायचं. तास संपला की तिकीट पुढच्या वर्षासाठी उचलून ठेवी.

पुढे त्याचीच मूत्रपिंडं थकली. पाय सुजले. नागपूरच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलं, आणि याहून फारसं काही हाती नाही असंही सांगितलं. वहिनींनी मिठाची बरणी शेजारी देऊन टाकली. तरी सूज उतरेना. एका दुपारी वहिनी विहिरीवर गेल्या असताना मी त्याच्या ताटातली भाजी सहज चाखली. चांगली खारट होती.

“सैंधव आहे,” वामन म्हणाला. “उपासाले चालते, म्हणून तिच्या लेखी ते मीठच नाही.”

“मग तिले सांगत काहून नाहीस?”

“सांगितलं तं म्हणन, इतके दिवस मीच जहर चारलं. तिच्या हाती आता एवढंच राह्यलं गड्या... तूही बोलू नको.”

उरलेली भाजी त्याने पोळीने पुसून खाल्ली. राजेमहाराजांच्या चुका वर्षानुवर्षं मोजून दाखवणारा मी, त्या वाटीपुढे गप्प बसलो. बरोबर केलं का, अजून कळत नाही.

तेरावं झाल्यावर भेटायला गेलो, तेव्हा वहिनींनी त्याची पिशवी माझ्या हाती दिली. मग दाराशी थांबून हळूच विचारलं, “भाऊजी, उपासाचं मीठ काही मीठ नसते ना?”

“नसते, वहिनी.”

घरी येऊन पिशवी टेबलावर उपडी केली. चष्मा, खडू, डबा, किल्ल्या... एकेक करत सगळं परत आत ठेवलं. तिकीटही.