वाट विसरणारं विमान

पालम गावच्या ईश्वरअप्पांचा थोरला मुलगा शिवरुद्र परभणीच्या आयटीआयमधून रेडिओ मेकॅनिक होऊन मुंबईला एका विमान कंपनीत लागला. तेव्हापासून पालममध्ये बंद पडलेला ट्रान्झिस्टर कुणी फेकून देईना. तो सुटीवर आला की सगळे ट्रान्झिस्टर अप्पांच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर रांगेत लागत.

त्याचं खरं काम फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टिमचं होतं. वैमानिकानं मार्ग भरला की कुठं वळायचं, किती उंची घ्यायची, इंधन कुठवर पुरेल, हे ती यंत्रणा सांगते. आणि ती बरोबर सांगते का, हे शिवरुद्र तपासायचा. ईश्वरअप्पा गिऱ्हाइकांना सांगत, "इमानाचा कंडक्टर तपासतो."

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात धाकटी बहीण चन्नबसम्मा हिच्या लग्नाला तो आला, आणि हळदीच्या आदल्या दिवशी तार आली: विमानाची मार्ग-यंत्रणा वारंवार बंद, ताबडतोब रुजू व्हा. तार पोस्टमननं वाचली, म्हणजे गावानं वाचली. दुपारपर्यंत विमान पडल्याची बातमी गंगाखेडला पोचली. सरपंच आबासाहेब जीप घेऊन दारात हजर झाले.

"पडलं का?"

"पडलं न्हाई, काका. वाट इसरायलंय."

"मग पायलट काय करायलाय?"

"जुन्या पद्धतीनं न्यायलाय. त्याला येतंय."

आबासाहेबांची जरा निराशा झाली, पण जीप काढलीच होती म्हणून त्यांनी त्याला परभणी स्टेशनला सोडलं. घरी बहिणीला हळद लागली तेव्हा शिवरुद्र मनमाडच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघत होता.

मुंबईत हँगरमध्ये समिती बसली होती. त्या विमानात उड्डाणानंतर पाऊण तासानं यंत्रणेचा पडदा कोरा व्हायचा, आणि खाली उतरून तासभर उभं राहिलं की सगळं पुन्हा ठणठणीत. यंत्रणेचा संगणक विमानाच्या पोटात, प्रवाशांच्या पायाखाली बसवलेला असतो; सगळे त्याला डबा म्हणत. समितीच्या साहेबांनी तीन डबे बदलले होते. काढलेला प्रत्येक डबा कार्यशाळेत तपासला गेला आणि निर्दोष सुटला. यावर सखोल विचार करून समितीनं चौथा डबा मागवला होता.

शिवरुद्रनं डब्याला हातच लावला नाही. आधी वैमानिकांच्या नोंदी वाचल्या. मग त्यातल्या एका वैमानिकाला विचारलं की, पडदा जातो तेव्हा विमानात नेमकं काय चाललेलं असतं.

"विशेष काही नाही," वैमानिक म्हणाला. "चहा वाटून झालेला असतो."

शिवरुद्रनं जमिनीवरच यंत्रणा चालू केली, सगळ्या चाचण्या घेतल्या. एकीतही ती नापास झाली नाही. मग त्यानं एकाला वर विमानाच्या स्वयंपाकघरात पाठवून तिथल्या बेसिनमध्ये दोन किटल्या पाणी ओतायला सांगितलं आणि स्वतः टॉर्च घेऊन खाली डब्याशेजारी बसला. थोड्या वेळानं वरच्या नळीच्या सैल सांध्यातून थेंब सुटला, आडव्या पट्टीवरून सरकत आला आणि डब्याच्या मागच्या जोडणीवर पडला. पाचव्या-सहाव्या थेंबाला कॉकपिटमधून हाक आली: पडदा कोरा झाला. जोडणीच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, भोवती तपकिरी डाग होता. त्यानं वाकून वास घेतला. चहाच होता.

"अहवालात चहा लिहिता येणार नाही," साहेब म्हणाले. म्हणून 'अज्ञात उगमाचा द्रव' असं लिहिलं गेलं. सांधा आवळला, जोडणी नवी बसवली, आणि ते विमान पुन्हा कधी वाट विसरलं नाही. समितीला वरून प्रशस्तिपत्र आलं. शिवरुद्रलाही एक पत्र आलं: परवानगीवाचून विमानात पाणी ओतल्याबद्दल खुलासा करावा. त्यानं तो केला.

महिन्याभरानं तो पालमला गेला आणि खरं ते सांगितलं. कुणालाच ते रुचलं नाही. एवढ्या मोठ्या विमानाला चहानं काय होतंय, असं म्हणून आबासाहेबांनी बसस्टँडवर आपली हकीकत सुरू केली. तीत शिवरुद्र ढगात लोंबकळत तारा जोडत होता. ती गोष्ट ताडकळसच्या बाजारापर्यंत चालली.

चन्नबसम्मा माहेरी आली होती. तिनं एवढंच विचारलं, "तिथं दुसरं कुणी न्हवतं का, दादा?"

"होते की. लय होते," शिवरुद्र खाली बघत म्हणाला. "सगळे डबाच बघायलते."

तिनं लग्नातला त्याच्या वाटचा आहेर, फेटा आणि धोतर, आत जाऊन आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

पुढं प्रत्येक विमानाच्या तपासणीत शिवरुद्र स्वयंपाकघराखाली टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसू लागला. ठरलेल्या कामांच्या यादीत ते काम नव्हतं. तो ते 'इतर' या सदरात लिही आणि खाली सही करी.