माशांचं टाकं आणि नळाचा दिवस

माणसांना प्यायला पाणी नाही आणि हा मास्तर मासे पाळतो, असं माझ्याबद्दल वडवणीत बोललं जातं. बोलणाऱ्यांना मी एकदाच, तेही लेखी, सांगतो: मासा पाणी संपवत नाही, तो पाण्यात राहतो. भाडेकरूने घर खाऊन टाकलं, असं कुणी म्हणतं का?

मुळात मासे एवढे वाढतील हे मला माहीत नव्हतं. बीडच्या दुकानदाराने करंगळीएवढी दोन पिल्लं पिशवीत घालून दिली आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "सर, ऑस्कर जातीचा हाय. टाकी बघून वाढतो. लहान टाकी, लहान मासा." मी वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय. कुठला जीव घराचं माप बघून वाढतो, एवढा साधा प्रश्न मला तिथे पडायला हवा होता. पडला नाही. उलट मी अशी मान डोलावली, जसं काही मला हे आधीपासूनच ठाऊक होतं.

दोन वर्षांत मोठा मासा माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत आला. धाकटा त्याच्याहून दोन बोटं कमी. काचेची पेटी मात्र तीन फुटांचीच. मोठ्याला वळायचं असलं की तो आधी शेपूट काचेला टेकवायचा, मग अंग दुमडायचा, मग तोंड फिरवायचा. चिंचोळ्या बोळात ट्रॉलीसकट ट्रॅक्टर वळवावा, तसा सगळा कारभार. माझ्या बायकोच्या बांगड्या वाजल्या की तो पाण्याच्या वर तोंड काढून बघायचा. मी कितीही चुटक्या वाजवल्या तरी ढिम्म. त्याला खायला आणतो मी, पेटी धुतो मी, आणि ओळख मात्र तिची.

एके दिवशी तीच म्हणाली, "अहो, त्याची पाठ वाकायली हाय. बघा की. असाच ऱ्हायला तर मरंल तो."

मी पाहिलं. खरंच वाकत होती. मग मला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं.

स्टाफरूममध्ये सांगितलं तर गणिताचे सर म्हणाले, "तळून टाक बे. दोन घरांचा रविवार होतो." आठवडाभर मी त्यांच्या डब्याला हात लावला नाही. त्यांच्या बायकोच्या हातचं वांगं लई चांगलं असतं, त्यामुळे शिक्षा नक्की कुणाला झाली ते सांगता येत नाही.

माशांना निदान आठ फुटांचं घर हवं होतं. तेवढी काचेची टाकी मोठ्या शहरातून आणायची, आणि रस्त्यात खड्ड्यात आदळून फुटली तर काचा घेऊन घरी यायचं. ते नको म्हणून मी मोबाइलवर शोधलं आणि मला मार्ग सापडला. जाड प्लायवूडची पेटी करायची, तिच्या आतून काचेच्या धाग्यांची चटई रेझिनने चिकटवायची, म्हणजे फायबरचं अस्तर तयार होतं आणि लाकडाला पाणी लागत नाही. समोरच्या बाजूला तेवढी एक काच. व्हिडिओतला गोरा माणूस हे सगळं स्वेटर घालून करत होता. ते स्वेटर मी पाहिलं होतं. त्याचा विचार केला नाही.

दारं आणि दिवाण करणारे आमच्या गल्लीतले मिस्त्री बोलावले. त्यांनी माप ऐकलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि मला निरखून पाहिलं.

"सर, आमी लाकडाला पाणी लागू नये म्हणून जिंदगीभर रंग मारला. आन तुमी लाकडातच पाणी भरायलेत?"

"आतून फायबर येणार आहे."

"मग लाकूड कावून? नुसतं फायबरच करा की."

मी त्यांना उभ्याने अर्धा तास फायबरग्लास समजावून सांगितलं. ते अर्धा तास रंधा मारत राहिले. शेवटी म्हणाले, "वरून एक आडवी पट्टी लागंल. पाणी काचंला भायेर ढकलतंय." द्रवाचा दाब हा धडा मी दरवर्षी शिकवतो, फळ्यावर बाणांसकट. पण ते एका मिस्त्रीने मला सांगावं, हे मला लागलं. "पट्टी नंतर बघू," मी म्हणालो. "आधी आतलं काम."

पुढच्या खोलीत विटांच्या ओट्यावर पेटी बसली आणि एप्रिलातल्या एका रविवारी, सकाळी अकरा वाजता, मी रेझिन कालवायला घेतलं. त्यात हार्डनर टाकतात, म्हणजे ते घट्ट होतं. किती टाकायचं, ते मी त्या स्वेटरवाल्याच्या, म्हणजे थंड देशाच्या, हिशेबाने टाकलं. आमच्याकडे त्या वेळी पंख्याचं वारंसुद्धा चुलीतून आल्यासारखं येत होतं. मी ब्रश बुडवला, चटईचा तुकडा कापून घेतला, वळलो, तर स्टीलच्या पातेल्यातून धूर निघत होता. ब्रश उचलायला गेलो तर ब्रशसोबत पातेलंही वर आलं. ते पातेलं बायकोच्या माहेरचं होतं. आजही ते ब्रशसकट माळ्यावर आहे आणि कुणी पाहुणा आला की खाली काढून दाखवलं जातं.

मग मी पहाटे उठून, थोडं थोडं कालवून, पंधरा दिवसांत काम पुरं केलं. पण लुंगी-बनियनवर. ते धागे कातडीत घुसतात हे मला खाजायला लागल्यावर कळलं. माझे कपडे सगळ्यांच्या कपड्यांत धुतले गेले आणि मग घरभर सगळेच खाजवायला लागले. आठ-दहा दिवसांनी नळ येतो अशा गावात एका माणसाने दिवसातून तीनदा अंघोळ करायची म्हणजे काय ते विचारू नका. बायकोने विचारलं. रोज विचारलं.

आता खरी गोष्ट.

काच बसवून झाली होती. तिच्या कडेचं सिलिकॉन वाळलं होतं. वरची आडवी पट्टी बाकी होती. आतलं अस्तर अजून पक्कं व्हायचं होतं, त्याला रेझिनचा उग्र वास होता. ते उन्हाच्या झळीत, पंख्याखाली आणखी तीन आठवडे ठेवायचं आणि मग धुवायचं. हे सगळं मी मिस्त्रींना सांगितलं होतं. स्टाफरूमला सांगितलं होतं. गणिताच्या सरांना तर आकृती काढून दाखवली होती. जिला सांगायला हवं होतं, तिला तेवढं सांगितलं नव्हतं.

मी निकालपत्रकं लिहायला शाळेत गेलो आणि त्या दिवशी नळ आला.

आमच्याकडे नळ आला की घरात एकही भांडं रिकामं राहत नाही. ड्रम, घागरी, कूकर, चहाचं भगुनं, लेकरांच्या पाण्याच्या बाटल्या, सगळं भरतं. दुपारी मी घरी आलो, तर पुढच्या खोलीतलं माझं अकराशे लिटरचं टाकं काठोकाठ भरलेलं. त्यात तुरटी फिरवलेली. वर धुतलेली साडी झाकलेली. कडेला पाणी काढायचं वगराळं अडकवलेलं. आणि शेजारच्या मावशी, ज्यांच्या दोन म्हशी आमच्या भिंतीला अंग घासतात, त्या अभिमानाने आपली नळी गुंडाळत उभ्या.

"हे काय केलंय?" मी दारातूनच ओरडलो.

"भरलं," बायको म्हणाली. "नळ आला, घरात एवढं रिकामं टाकं. मी काय नळाला म्हणायचं हुतं, बाबा, पुढच्या येळंला ये?"

"माझी नळीबी लावली गुरुजी," मावशी म्हणाल्या. "एकट्या तुमच्या नळानं कदी भरलं असतं?"

मी काचेकडे पाहिलं. काचेला पोट आलं होतं. शाळेची लाकडी पट्टी आडवी लावून पाहिली तर ती मधोमध टेकून दोन्हीकडे डुगडुगली. द्रवाचा दाब खोलीनुसार वाढतो. बाण कुठल्या दिशेने काढायचे ते मला पाठ होतं. काच फुटली तर खोलीत पूर, आणि माशांच्या घराचा चुराडा. पाणी काढायलाच हवं होतं, आत्ताच्या आत्ता. पण भर उन्हाळ्यात वडवणीत अकराशे लिटर पाणी गटारात सोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी गावात राहू शकत नाही. राहूही नये.

म्हणून मी दारात जाऊन ओरडलो, "पाणी न्या! पाणी घ्या कुणाला पाहिजे ते!"

गल्लीत एकही माणूस हलला नाही.

मग समोरच्या बुद्धविहाराच्या पायरीवर बसलेल्या बायकांतली एक म्हणाली, "फुकट? कावून? काय पडलंय त्यात?"

"काही पडलं नाही! फक्त पिऊ नका. धुण्याला वापरा."

"पिऊ नका म्हणतेत, आन काय पडलं न्हाई बी म्हणतेत."

मला सांगा, मी आणखी काय बोलायला हवं होतं? शेवटी मावशींनी बादली भरली आणि आपल्या म्हशीपुढे नेली. आख्खी गल्ली बघत होती. म्हशीने नाक खाली घातलं, फुर्रकन सोडलं, आणि मान फिरवली. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी विसरायचा प्रयत्न करतोय.

पण वास आहे, विष नाही, हे बायकोने आपलं धुणं त्यात बुचकळून सिद्ध केलं. मग रांग लागली. घागरी, डबे, रंगाचे रिकामे ड्रम. तासाभरात काचेचं पोट आत गेलं. संध्याकाळपर्यंत टाकं कोरडं झालं. मिस्त्री आले, त्यांनी आडवी पट्टी ठोकली आणि पेन्सिल कानामागे खोचून निघून गेले. ते बोलले असते तर मला इतका राग आला नसता.

ते तीन आठवडे वाईट गेले. टाकं वाळत होतं आणि मोठा मासा जुन्या पेटीत आडवा पडल्यासारखा राहायला लागला. खाणं सोडलं. बांगड्या वाजल्या तरी वर येईना. बायको पेटीजवळ बसून नुसतं बघत राहायची. रोज सकाळी टाक्यात डोकं घालून वास घ्यायची आणि म्हणायची, "अजून हाय." तिचं नाक हेच आमचं यंत्र. ज्या दिवशी तिने डोकं बाहेर काढून काहीच म्हटलं नाही, त्या दिवशी मी धुवायला घेतलं.

मग परत नळाचा दिवस. आमच्या नळाला येणारं सगळं पाणी टाक्यात घातलं असतं तर आम्ही दहा दिवस कोरडे. मी डोक्याला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात मावशींची नळी दारातून आत आली. तिच्यामागे आणखी एक. मग विहाराच्या पायरीवरची ती संशयी बाई, डोक्यावर घागर घेऊन.

"तवा तुमी दिलं हुतं," ती म्हणाली. "आमी कुणाचं फुकट ठिवून घेत न्हाईत. आन हे पिण्याचं हाय बरं का. वासाचं न्हाई."

क्लोरीन उडून जावं म्हणून पाणी दोन दिवस तसंच ठेवलं. ओल्या चादरीत धरून, शिव्या देत, मासे नव्या टाक्यात सोडले. धाकटा सुसाट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मोठा मात्र डाव्या कोपऱ्यात थांबला. तीन फूट पुढे जायचा, आणि तिथे काच असल्यासारखं शेपूट टेकवायचा, अंग दुमडायचा, वळायचा. शेपूट टेकवायला तिथे काहीच नव्हतं. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. आठ फुटांचं घर केलं मी, खाजवून खाजवून कातडं गेलं माझं, आणि हा तीन फुटांतच! मी काचेसमोर बसून त्याला खूप बोललो.

पाचव्या दिवशी सकाळी दाढी करत होतो, तर पुढच्या खोलीत डुबुक असा आवाज झाला. धावत गेलो. मावशी. उजव्या टोकाला, पदर खोचून, माझ्या टाक्यात कळशी बुडवत होत्या.

"मावशी! ते माशांचं पाणी आहे!"

"आमचंबी हाय त्यात. भांड्यापुरतं घेते. तुमचीच बायको म्हणली, हप्त्याला थोडं काढावंच लागतंय, न्हाईतर मासे मरत्यात."

ते खरं होतं. ते मीच तिला सांगितलं होतं. एवढं एकच तिला सांगितलं होतं.

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मोठा हलला. डाव्या कोपऱ्यातून निघाला. तीन फुटांवर आला, थबकला, आणि तसाच सरळ पुढे गेला, चार, पाच, सात फूट, पाठ ताणत, थेट त्या चकाकत्या कळशीपाशी. तिला नाकाने ढुसणी दिली. आणि अंग न दुमडता, सावकाश, रुंद वळण घेऊन परत फिरला.

मागे बायकोच्या हातातलं ताट वाजलं. ती दारात येऊन उभी होती.

मी मावशींवर ओरडलो नाही असं समजू नका. ओरडलोच. विचारल्याशिवाय टाक्यात कळशी घालायची नाही, असं ठणकावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं," आणि दुसऱ्यांदा बुडवली.