मांजरीवाली रेकॉर्ड

मास्तरांचं आणि रेडिओचं कधी पटलंच नाही. शेजारच्या सायकलवाल्याचा रेडिओ भिंतीपलीकडून ऐकू आला की मास्तर ओठांत धरलेल्या टाचण्यांमधूनच पुटपुटायचे, "पळवतायत बघ गाणी. मध्ये जाहिराती बसवायच्या असतात ना." त्यांच्या बायकोला, म्हणजे गल्लीतल्या लोकांच्या मास्तरीणबाईंना, हे वाक्य इतकं पाठ झालं होतं की त्या नुसतं "हं" म्हणायच्या आणि बटण लावत राहायच्या.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. नवे कपडे आता फारसं कुणी शिवून घेत नाही, पण विकतचे कपडे कुणाच्याच अंगाला नीट बसत नाहीत, आणि या एका गोष्टीवर त्यांचं दुकान मजेत चाललं होतं. पँट आखूड करा, कंबर सैल करा, बाही आत घ्या. खाली चिंचोळं दुकान, मागे उभा जिना, वर दोन खोल्या. कापायच्या टेबलावर एक फळी, फळीवर रेकॉर्ड प्लेअर, आणि त्याला टेकून उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. मास्तर रेकॉर्डच्या लयीत शिवायचे आणि वेळसुद्धा रेकॉर्डीतच सांगायचे. "चेन बदलायची? एक बाजू. बसा." किंवा, "कोटाचं अस्तर आहे हो, त्याला बऱ्याच रेकॉर्डी लागतील." नवं गिऱ्हाईक गोंधळून मास्तरीणबाईंकडे बघायचं. त्या म्हणायच्या, "परवा संध्याकाळी या. रेकॉर्डीचं मनावर घेऊ नका."

त्यांतली सगळ्यात लाडकी होती ती मांजरीवाली. रेकॉर्डच्या पुठ्ठ्याच्या जाकिटावर खिडकीत बसलेली मांजर होती म्हणून मांजरीवाली; खरं नाव घरात कुणी घेतच नसे. आत एक बाई गायची, जाडसर, खालच्या आवाजात. सोबतीला एकच तंतुवाद्य. दोन ओळींच्या मध्ये ती बाई इतकी निवांत थांबायची की मास्तर म्हणायचे, "हिच्या एका श्वासात माझी एक दुमड घालून होते." ती रेडिओवर कधी लागली नाही, दुसऱ्या कुणाच्या घरीही ऐकू आली नाही. जणू ती फक्त यांच्याच दुकानात गायला यायची. लेक लहानपणी महा झोपचोर, पण मांजरीवाली लागली की शिलाईच्या खडखडाटातसुद्धा डोळे मिटायची.

लेक कॉलेजात असताना मास्तरांनी आपल्याच हातानं मांजरीवालीचा जीव घेतला. दारातून कुणीतरी हाक मारली, आणि त्यांनी हातातली गरम इस्त्री समोर दिसेल त्या सपाट वस्तूवर टेकवली. वळून बघतात तर मांजर मधोमध करपलेली आणि रेकॉर्ड पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी वाकडी. मास्तर चार दिवस हळहळले. पण तेवढंच. तिच्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं.

अडलं ते लेक बाळाला घेऊन राहायला आली तेव्हा.

जावई बोटीवर इंजिनं सांभाळायचे, त्यांना यायला अजून अवकाश होता. बाळ म्हणजे एक टपोऱ्या डोळ्यांची पोरगी. हाक मारली की सगळं घर धावत यायचं म्हणून मास्तरांनी तिचं नाव बाईसाहेब ठेवलं होतं. बाईसाहेब ठणठणीत होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना उलटंपालटं करून तपासलं आणि मास्तरीणबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "नातीची चिंता सोडा. लेकीकडे बघा. तिला झोप हवी, आणि लवकर हवी. हे असंच चाललं तर मला गोळ्या सुरू कराव्या लागतील, आणि ते मला आत्ता नको आहे."

लेकीला झोप येतच नव्हती. बाळ जागं असलं तर नाहीच, पण बाळ झोपलं तरी ती डोळे टक्क उघडे ठेवून त्याच्याकडे बघत बसायची.

"अगं, पड ना जरा. मी आहे ना इथं."

"झोपले की हिचा श्वास ऐकू येत नाही, आई."

ती हे इतक्या शांतपणे म्हणायची की मास्तरीणबाई तिच्या शेजारीच बसून राहायच्या. एके दिवशी तिनं बादलीखाली नळ सोडला आणि तिथंच उभी राहून वाहणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. पाणी जिन्यावरून उतरून दुकानात आलं, एका साहेबांच्या पँटीचे दोन्ही पाय भिजले, तेव्हा कुठे खालच्यांना कळलं. मास्तरीणबाईंनी फरशी पुसली, लेकीचे केस विंचरले, आणि मोरीचं दार लावून घेऊन थोडं रडून घेतलं.

मास्तरांचं निदान सरळ होतं. "बाळ झोपत नाही म्हणून आई झोपत नाही. मांजरीवाली लावली की बाळ झोपेल. आईवरच गेलीय ती."

"मांजरीवाली तुम्ही इस्त्री केलीत," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बाबा, ऑनलाइन मिळते की," लेक बाळाला थोपटत म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती आपणहून काही बोलली होती, म्हणून दोघांनीही लगेच फोन पुढे ओढला.

कुठल्याशा लांबच्या शहरात गाण्यांचंच एक दुकान होतं आणि ते फोनवर उघडायचं. जुन्या रेकॉर्डी, नव्या छापलेल्या जुन्या रेकॉर्डी, सीड्या. प्रत्येकीचा फोटो, आणि खाली बटण: दाबलं की थोडंसं गाणं ऐकायला मिळायचं. मास्तरांच्या बोटांना सुया टोचून टोचून असे घट्टे पडले होते की फोनच्या काचेला त्यांचं बोट हे बोट वाटायचंच नाही. त्यामुळे दाबायचं काम मास्तरीणबाईंकडे आलं.

मांजर लगेच सापडली. एक नाही, ओळीनं तीन मांजरी. कुठली जुनी, कुठली नंतरची.

"पहिली लाव."

बाई गायला लागली. मास्तरांनी कान तिरका केला आणि मान हलवली. "ही नाही."

"नाही कशी? मांजर तीच आहे."

"मांजर तीच. बाई पळतेय."

दुसरीही पळत होती. तिसरीही. मास्तरीणबाईंनाही आवाज जरा पोरसवदा वाटला, पण फोनवर आपला स्वतःचा आवाज तरी कुठे आपला वाटतो, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. मास्तर सोडणाऱ्यातले नव्हते.

"दुकानाला लिही. सप्रेम नमस्कार. आपल्याकडच्या बाई फार घाईत आहेत."

"असं कसं लिहू? तिथं एखादी मुलगी असेल तर तिला वाटेल तिलाच बोलताय."

"मग लिही, गाणाऱ्या बाई."

दुकानातल्या मुलीचं उत्तर आलं, 'काका, मी आत्ता स्वतः लावून ऐकली. घाईत नाहीत हो. सगळ्या एकाच मूळ रेकॉर्डिंगवरून काढल्यात.'

"मग ही पोरगीच घाईत असते," मास्तर म्हणाले. "लिही, आमच्याकडे जी होती तशी पाहिजे. हळू गाणारी."

'तुमच्याकडची कोणती होती? फोटो पाठवता?'

करपलेली मांजर माळ्यावरून काढून तिचा फोटो पाठवला गेला. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, 'अरे देवा! हिला झालं काय, काका?'

"लिही, इस्त्री."

'काका, तुमची आणि आमच्याकडची पहिली, दोन्ही एकच आहेत. नंबरसुद्धा तोच आहे.'

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना आता यात काहीतरी कटकारस्थान दिसायला लागलं होतं. "नंबर तोच ठेवायचा आणि आतली बाई बदलायची. कळतं आम्हाला." मग जेवण झालं की फोन, चहा झाला की फोन, त्या तीन मांजरी पुन्हा पुन्हा लावायच्या आणि तिघींना नापास करायचं. एका गिऱ्हाइकालासुद्धा त्यांनी थांबवून ऐकवलं. "पळतेय की नाही?" गिऱ्हाइकानं पँट ताब्यात मिळेपर्यंत "हो" म्हणून घेतलं.

लेक जिन्यात बसून हे बघत होती. मांडीवर बाईसाहेब, डोळ्यांखाली काळं. "बाबा, राहू द्या ना. नाही मिळत तर नाही," ती म्हणाली, आणि उठताना तिचा तोल गेला. कठडा हाताशी होता म्हणून सावरली. बाळ घट्ट धरलेलं होतं, काही झालं नाही. पण मास्तरीणबाईंच्या हातातली सुई खाली पडली.

"आण तो फोन," त्या म्हणाल्या. "मी मागवतेय."

"अगं, पण ती पळते..."

"पळू दे! पळू दे नाहीतर उड्या मारू दे. माझी पोर डोळ्यांदेखत वाळत चाललीय आणि तुम्ही त्या बाईची चाल बघत बसलायत! गिऱ्हाइकाच्या पँटीत वीतभर तिरकं गेलं तर म्हणता, चालताना कळत नाही."

"वीतभर कधीच गेलेलं नाही," मास्तर हळूच म्हणाले. पण फोन त्यांनी पुढे सरकवला.

मास्तरीणबाईंनी पहिली मांजर मागवली. पत्ता दोनदा तपासून पाहिला, वर दुकानातल्या मुलीला लिहिलं, 'पोरी, शक्य तितक्या लवकर पाठव. काकांकडे लक्ष देऊ नकोस.' तिचं उत्तर आलं ते नुसतं एक हसणारं तोंड.

पार्सल आलं तेव्हा दुपारची सामसूम होती. मास्तरांनी ते आधी सगळीकडून दाबून पाहिलं. काहीतरी चांगलं म्हणणं भाग होतं म्हणून म्हणाले, "बांधणी बरी आहे. कोपऱ्यांना दुहेरी पुठ्ठा घातलाय."

"उसवा आता."

लेक खाली येऊन स्टुलावर बसली होती. बाईसाहेब तिच्या खांद्यावर कुरकुरत होत्या आणि तिचा हात त्यांच्या पाठीवर आपोआप थापट्या मारत होता, जसा मशीनचा पाय सवयीनं हलतो तसा. मास्तरांनी कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून रेकॉर्ड चढवली आणि सुई टेकवली.

बाई गायला लागली. जाडसर. खालच्या आवाजात. एक ओळ गायली आणि थांबली, अशी निवांत थांबली की मधल्या जागेत एक दुमड सहज घालून झाली असती.

मास्तर जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. "हीच! अगं, हीच ती! बघ, तक्रार केली म्हणून शोधून पाठवली पोरीनं. दे, दे इकडे, बाईसाहेबांना जवळून ऐकवू दे." त्यांनी नातीला उचलून घेतलं आणि फळीपाशी नेलं.

मास्तरीणबाई मात्र चक्रावल्या. ही कुठली दुसरी? त्यांनी तर सरळ पहिलीच मागवली होती, जी फोनवर धावत सुटली होती. फोनवर धावते आणि इथं आल्यावर दमते, हे कसं? त्या फळीजवळ गेल्या आणि वाकून फिरणाऱ्या तबकडीच्या खाली बघितलं. तिथं तबकडी फिरवणारा प्लेअरचा पट्टा होता. आणि तो रबराचा नव्हता. तो चट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीला घालतात तसल्या पांढऱ्या इलॅस्टिकचा होता.

मग त्यांना सगळं आठवलं. लेक रांगत होती तेव्हा प्लेअरचा पट्टा तुटला होता. मास्तर म्हणाले होते, पट्टाच ना, त्यासाठी दुकानात कशाला जायचं? आणि कमरेच्या इलॅस्टिकची एक पट्टी मापून, टोकं जोडून, बारीक टाके घालून बसवली होती. टोकं तर मास्तरीणबाईंनीच धरली होती! चाक फिरलं म्हणून सगळे खूश झाले. इलॅस्टिक घसरतंय आणि चाक जरा हळू फिरतंय हे बघायला कुणाकडे घड्याळ होतं? तेव्हापासून सगळं जग आपल्या चालीनं चालत होतं आणि हे एक घर तेवढं मागे रेंगाळत गात होतं. बिचारा रेडिओ! बिचारी ती दुकानातली पोरगी!

त्यांना असं हसू फुटलं की त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि लेकीला सांगायला वळल्या.

लेक झोपली होती. स्टुलावर बसल्याबसल्या ती पुढे कलली होती, टेबलावर इस्त्रीसाठी पसरलेल्या कुणाच्या तरी कोटावर गाल टेकलेला, तोंड किंचित उघडं, हात मोकळे लोंबणारे. थोपटणारा हात थांबला होता.

मास्तरीणबाईंचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांनी मास्तरांना खूण केली. मास्तरांनी बघितलं, मग कडेवरच्या नातीकडे बघितलं. बाईसाहेब टपोरे डोळे उघडून टक्क जाग्या होत्या आणि आजोबांची मोजपट्टी चघळत होत्या. "ही नाही झोपली," मास्तर कुजबुजले.

"जिला झोपायचं ती झोपली," मास्तरीणबाई कुजबुजल्या. मग त्यांच्या कानाशी लागून त्यांनी पट्ट्याचं सांगितलं.

मास्तर बराच वेळ वाकून त्या इलॅस्टिककडे बघत राहिले. चूक कबूल करतील असं मास्तरीणबाईंना वाटलं.

"टाका एक उसवलेला नाही अजून," ते म्हणाले.

तेवढ्यात दारात कोटाचे मालक हजर. मास्तरीणबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. गृहस्थ चवड्यांवर आत आले आणि आपल्या कोटावर झोपलेल्या बाईकडे बघून थबकले. "कोण?" त्यांनी नुसत्या ओठांनी विचारलं.

"लेक आमची. लहान बाळ आहे तिला."

गृहस्थांनी बाळाकडे पाहिलं, लेकीच्या डोळ्यांखालच्या काळ्याकडे पाहिलं. "आमच्याकडेही झालंय हे," ते पुटपुटले. "राहू द्या. उद्या नेतो." जाताना त्यांनी दार इतक्या जपून ओढलं की कडीचा आवाजसुद्धा आला नाही.

बाजू संपली. सुई आतल्या कडेला खरखरत राहिली. मास्तरांच्या हातात बाळ, मास्तरीणबाईंना सुई उचलायची भीती. लेक हललीही नाही. मग मास्तरीणबाईंनी अलगद सुई उचलली आणि दुकान अगदी शांत झालं. शेजारचा रेडिओ कुणाचं तरी गाणं गात होता, आणि मास्तर एक शब्द बोलले नाहीत.

लेक जागी झाली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. ती दचकून उठली. "बाळ कुठंय?"

"हे काय." बाळ आजोबांच्या मांडीवर होतं, वाटीतल्या बटणांचा आवाज ऐकत. लेक त्याच्याकडे बघत राहिली, मग आईकडे. गालावर कोटाच्या बटणाचा गोल छाप उठला होता.

"मी झोपले होते?"

"चांगली घोरत होतीस," मास्तर म्हणाले.

"बाबा!" ती म्हणाली, आणि जांभई दिली, मोठी, तोंडभर, लाज सोडून. "आई, मला भूक लागलीय गं. खूप."

मास्तरीणबाई जिना चढायला निघाल्या त्या जवळजवळ धावतच.