डुबकी मॅडम

फळ्यावर गणित चुकलं की इतर प्राध्यापक गुपचूप डस्टर उचलत. आमच्या मॅडम मात्र वर्गाकडे वळून ठणकावून सांगत, "पोट्टेहो, मी चुकली. कुठं चुकली ते लिहून घ्या." प्राध्यापक मंडळींत हा गुण औषधालाही सापडत नाही. मीही आता प्राध्यापक आहे, म्हणून खात्रीनं सांगतो.

मॅडम सदर भागातल्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या, आणि उरलेला सगळा जीव दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवर. असा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो, आलेखात खळगा दिसतो. त्याला त्या 'डुबकी' म्हणत, म्हणून त्या डुबकी मॅडम. अवकाशातल्या दुर्बिणींची निरीक्षणं सगळ्यांना फुकट मिळतात. ती उतरवून घेऊन मॅडम भर उन्हाळ्यात, कूलरचं पाणी अंगावर उडत असताना, तासन् तास डुबक्या शोधत. त्यांचा एकच नियम होता. "दोन डुबक्यांवर नाचू नका. तिसरी येऊ द्या."

त्यांचे वडील खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कामगार होते. क्वार्टरमध्ये राखेचा थर रोज बसायचा. ग्रह कसे जन्मतात हे शिकवताना मॅडम तिथूनच सुरुवात करत. "पलंगाखाली झाडलं नाही तं धुळीचा गोळा होते, गोळ्याले गोळा चिकटते. ग्रहही असाच बनते. फरक इतकाच का तिथं झाडू मारायले माय नाही." आम्ही हसायचो. ताऱ्याभोवतीच्या धुळीवर मी नंतर बरंच वाचलं, पण डोक्यात राहिलं ते हेच.

मी त्यांच्याकडे पीएचडी करत होतो तेव्हा त्यांना एका दुर्लक्षित ताऱ्याच्या प्रकाशात दोन डुबक्या सापडल्या, एकमेकींपासून कित्येक महिने दूर. म्हणजे ग्रह ताऱ्यापासून लांबचा, सावकाश फिरणारा. असे ग्रह हाती लागणं कठीण. मॅडमनी शोधनिबंध लिहून पाठवला, त्यात तिसरी डुबकी कधी येईल तेही लिहिलं आणि ती आली तरच ग्रह खरा माना असं बजावलं. पण त्या दिवसांची निरीक्षणं हाती आली त्याच आठवड्यात मॅडमच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. काम माझ्याकडे आलं.

दुर्बिणीच्या हलण्यातापण्यामुळे प्रकाशात खोटे चढउतार येतात. ते प्रोग्राम चालवून सपाट करावे लागतात. मी चालवला. तिसरी डुबकी नव्हती. रेघ अगदी सरळ.

डोळ्यांवर पट्टी असलेल्या मॅडमनी फोनवर एवढंच विचारलं, "तीनदा पाह्यलं का गा?"

"हो मॅडम."

खोटं नव्हतं. तीनदा पाहिलं होतं; पण तीनही वेळा साफ केलेली रेघच पाहिली होती.

मॅडमनी निबंध मागे घेतला. ज्यांना ज्यांना कळवलं होतं त्या प्रत्येकाला पत्र लिहिलं की यंत्राचा दोष मी ग्रह समजले. त्यानंतर त्यांनी एकही तारा तपासला नाही. निवृत्त झाल्या आणि घरी बारावीच्या मुलांना शिकवू लागल्या.

बऱ्याच वर्षांनी मी तीच निरीक्षणं माझ्या विद्यार्थ्यांना सरावाला दिली. एका मुलीनं ती साफ न करताच आलेख काढला. त्यात डुबकी होती. मॅडमनी सांगितलेल्या दिवशी, तेवढीच खोल. सावकाश फिरणाऱ्या ग्रहाची डुबकी बराच वेळ चालते. मी प्रोग्रामला जवळच्या, झटपट फिरणाऱ्या ग्रहांच्या थोडाच वेळ टिकणाऱ्या डुबकीचं माप देऊन ठेवलं होतं. त्यानं चढउतारांबरोबर ग्रहही पुसून टाकला होता.

आलेखाचा कागद पिशवीत घालून मी मॅडमच्या घरी गेलो. त्यांच्या धाकट्या बहिणीनं दार उघडलं. आत शिकवणी चालू होती. मॅडम फार वाळल्या होत्या, पण आवाज तोच. मुलांना त्या आपल्या नसलेल्या ग्रहाची गोष्ट सांगत होत्या. "चुकलं तं चुकलं म्हणा. मी जगाले पत्र लिहून सांगितलं, काही मेली नाही." मग मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "हा पाहा, हाच तो! यानंच डाटा साफ केला, म्हणून माही चूक सापडली. असा विद्यार्थी भेटाले नशीब लागते."

मुलांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी पाटवडी खाल्ली, चहा प्यायलो आणि कागद तसाच परत आणला. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. असे बरेच रविवार गेले. भित्रेपणाला निमित्तं कमी पडत नाहीत.

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो.

मॅडमच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला अंगणभर माणसं होती. बुद्धवंदना झाली आणि एकेक जण बोलायला उठला. बहुतेकांनी तीच आठवण सांगितली, मॅडमनी आपली चूक किती मोठ्या मनानं कबूल केली ती. माझी पाळी आली. सांगून टाकायचं असं ठरवूनच मी उठलो होतो. समोर ती शिकवणीची मुलं बसली होती. मीही तीच आठवण सांगितली.

निघताना बहीण दारापर्यंत आली. "भाऊ, सगळ्यात चांगले तुम्हीच बोलले. ताईले लय बरं वाटलं असतं."

मी मान हलवली आणि चपला शोधू लागलो.