हुबेहूब करपलेला वडा

दुसऱ्याच्या चुकासुद्धा इतक्या मन लावून करणारा माणूस आमच्या थोरल्या दिरांखेरीज उभ्या पालघर जिल्ह्यात सापडायचा नाही. बोईसरला कापड रंगवण्याच्या कारखान्यात ते रंगाच्या शेड जुळवतात. गिऱ्हाइकानं नमुन्याचा तुकडा पाठवायचा आणि यांनी डोळ्यांत तेल घालून तस्साच रंग काढायचा. तुकडा मळका असेल तर रंगही मळकाच! ‘‘चांगला करायला कुणी सांगितलंय? जुळवायला सांगितलंय,’’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मला बघायला आले तेव्हा म्हणाले, ‘‘मुलीला जरा खिडकीशी उभं करा.’’ माझ्या आईनं घाईघाईनं माझ्या तोंडावरून पावडरीचा हात फिरवला. भाऊजींना साडीचा रंग उजेडात बघायचा होता, दुसरं काही नाही. वांगी घ्यायला गेले तरी ताडपत्रीखालून उन्हात आणून बघणार. भाजीवाल्या त्यांना लांबून बघितलं की तोंड फिरवतात.

अशा माणसानं टीव्हीवरच्या पाककृतींच्या स्पर्धेत जावं कशाला? तर आपल्या गावचा आवडता चटकदार पदार्थ हुबेहूब करून दाखवा, असं स्पर्धेवाल्यांनी म्हटलं होतं. ‘हुबेहूब’ ऐकून भाऊजी ताठ बसले. कारखान्याच्या गेटसमोर मुरबे गावच्या एका मावशींची वड्यांची गाडी होती. गुडघे धरले म्हणून मावशींनी ती बंद केली, तेव्हापासून भाऊजींना चैन नव्हतं. चव गेली ती कायमचीच गेली, अशी धास्तीच घेतली त्यांनी. जुळवायला नमुना नाही, आणि मावशींना विचारावं तर म्हणायच्या, ‘‘मी कदी मापून टाकलं नाय रे बाबा.’’ मग काय, रोज डबाभर वडे कारखान्यात जायला लागले आणि शिफ्टची माणसं चाखून निकाल द्यायला लागली. ‘‘थोडा और जलाओ, साहब,’’ असं एक ऑपरेटर म्हणाला, तर भाऊजी खूश! घरातलं तेल संपलं, पाठोपाठ जाऊबाईंचा संयमही.

कार्यक्रम लागला त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये निम्मी शिफ्ट जमली होती. पडद्यावर भाऊजींनी वडे कढईत सोडले आणि चक्क कढईकडे पाठ फिरवून परीक्षकबाईंना विचारलं, ‘‘काय, घरी सगळे बरे ना?’’ मावशी तस्संच करायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करण्याच्या नादात वडा एका बाजूनं करपायचा. जुळवायचं म्हणजे विचारपुशीसकट! बाईंनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

‘‘करपलाय. आणि मीठही जास्त आहे.’’

‘‘हो ना?’’ भाऊजींचा चेहरा काय उजळला म्हणून सांगू! ‘‘अगदी तसाच होता!’’

पहिल्याच फेरीत नारळ मिळाला. आमच्या हॉलमध्ये मात्र टाळ्या थांबेनात.

पण भाऊजींना निकाल हवा होता तो मुरब्याचा. रविवारी डबा घेऊन निघाले, मीही गेले सोबत. मावशी ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी घास घेतला, बराच वेळ चावत राहिल्या.

‘‘माझाच हाय,’’ मावशी म्हणाल्या. भाऊजींचे डोळे भरूनच आले. मावशींनी दुसरा घास घेतला आणि थबकल्या. ‘‘पन मीठ जाम हाय रे. आसंच पडायचं?’’

‘‘हो, मावशी.’’

‘‘मंग इतकी वरसं कोनी बोलला कसा नाय?’’

‘‘बोललो असतो तर तुम्ही कमी केलं असतं ना,’’ भाऊजी खाली बघत म्हणाले.

मावशींनी डबा तेवढा जवळ ओढून घेतला. भाऊजी इतकी वर्षं माझ्याही हातचं जेवताहेत, मुकाट्यानं. माझ्या हातून काय जास्त पडतं, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण येताना रिक्षात मी गप्पच बसले.