शेडमधल्या कुत्र्यांचं गाऱ्हाणं

बाळांनो, तुम्ही निवाऱ्यातून आणलेल्या कुत्र्याचा स्वेटर घातलेला फोटो पोचला. सोबत प्रश्न होता, "आजी, तुमच्या गावात असा निवारा आहे का?" हो, आहे. तो कसा टिकला हे तुमचे आईवडील सांगणार नाहीत, कारण त्यात आजीची शोभा होते. म्हणून आत्ताच, हात चालतोय तोवर, मीच लिहिते.

आमच्या प्राणिमित्र मंडळाची मी चिटणीस. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा पामेरियन लाटेला घाबरायचा, हाराला नाही. मंडळाने पाळीव प्राण्यांचा खुर्चीत बसवून, हार घालून सत्कार ठरवला, आणि मंडळाला कार्यालयही हवं झालं. किनाऱ्यावर गावाची जुनी शेड होती. तिथे एक मासेविक्रेती म्हातारी अकरा कुत्री सांभाळायची. त्यातली निम्मी आमच्याच घरांतून, म्हातारी झाली म्हणून हाकललेली. सत्कार उरकला की कार्यालयासाठी शेड रिकामी करावी, कुत्री टेंपोत भरून नांदगावच्या हायवेला सोडावीत, असा ठराव झाला. प्राणिप्रेमाच्या त्या कागदावर माझी सुवाच्य सही आहे.

म्हातारी माशांची पाटी घेऊन माझ्या दारात आली.

"बाई, तुमच्या कुत्र्याक खुर्ची नि माझ्या कुत्र्यांका टेंपो?"

मी बांगडे घेतले, पैसे मोजून दिले. ती तशीच देवळात, गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली.

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय कार्य सुरू होत नाही. एकाने देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. काय मागितलं ते कोणी ऐकत नाही.

सत्काराच्या दिवशी म्हाताऱ्याने नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा महाराजा, तुझी लेकरां आज जनावरांचो सोहळो करतत, तो गोड मानून घे!"

"व्हय महाराजा!"

"ह्येंच्या घरच्या कुत्र्यांका बरा आयुष्य दी!"

"व्हय महाराजा!"

"शेडीतल्या कुत्र्यांका कोण हलवचो नाय, तेंका रोज भात नि मासो हीच माणसां घालतली!"

"व्हय महाराजा!" सगळ्यात खणखणीत आवाज माझा.

मागून म्हातारी हसली, तेव्हा आम्हाला कळलं.

"हे ठरावात नव्हतं!" अध्यक्ष ओरडले.

गाऱ्हाणं घालणारा म्हातारा म्हणाला, "मास्तरानु, व्हय म्हटलास मा? आता देवाक तुमीच नाय म्हणून सांगा."

सांगायला कोणी पुढे झालं नाही. टेंपो रिकामा परत गेला. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष डबा घेऊन शेडकडे निघाले, पामेरियनला घरी ठेवून.

मंडळ पुढे भांडून मोडलं. म्हातारीही गेली. शेड आहे, आज तिथे नऊ कुत्री आहेत, आणि मंगळवारचा भात माझ्याकडे आहे.