आश्रुबाच्या छातीतल्या सहा तारा

तेलगावच्या जिनिंगात आश्रुबानं पंचवीस वर्षं कापसाच्या गाठी तारेनं आवळल्या. गाठ बांधून झाली की हा तिच्यावर चढायचा, दोन दणकट उड्या मारायचा आणि मगच खडूनं फुली ओढायचा. फुलीशिवाय गाठ ट्रकमध्ये चढत नसे. मग मालक कल्याणराव स्वतः का उभे असेनात.

सत्त्याण्णव साली त्याला परळीहून रेल्वेनं हैदराबादला नेलं आणि त्याच्या हृदयाची बायपास झाली. शुद्धीवर आल्यावर गड्यानं पहिला प्रश्न काय विचारावा?

"डाक्टरसायब, छातीचं हाड चिरलं, मंग परत कशानं बांधलं?"

डॉक्टर लातूरकडचे निघाले. म्हणाले, "स्टीलच्या तारांनी. सहा तारा."

"तारंला पीळ किती दिले?"

डॉक्टर हसले. "तार सहसा तुटत नाही हो. पण जोर लावलात तर ती हाडात रुतते, हाड कापते. तीन महिने वजन उचलू नका. खोकला, शिंक आली तर छातीशी उशी दाबा."

इथंच घोळ झाला. तार मऊ गाठीत कशी रुतते, हे आश्रुबाला शिकवायला नको होतं. तेव्हापासून तो उशीसकट वावरू लागला. हसणं बंद, खोकणं चोरून. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी हाड जुळल्याचं सांगितलं, तरी उशी सुटेना.

"गाठीवर कुनी चढून पाह्यलं का?" तो बायकोला, सरूबाईला, विचारी.

दोन वर्षांची नात आम्रपाली 'घे' म्हणून हात वर करी, तेव्हा हा उशी पुढं करायचा. पोरगी उशीचा मुका घेऊन निघून जायची. तिला उचलायची आश्रुबाची हिंमत होत नव्हती.

शेवटी एका सकाळी सरूबाईनं उशी लपवली आणि तापल्या तव्यावर मूठभर लाल मिरच्या टाकल्या. घरभर खकाणा उठला. आश्रुबाला एकामागून एक सात शिंका आल्या.

"मेलो, सरू! उघडली!"

"तोंड तेवढं उघडं हाय तुमचं," सरूबाई म्हणाली. "तुमच्या गाठीला दोन उड्या पुरतात. ह्या सात झाल्या."

आणि पिठाच्या बोटानं तिनं त्याच्या छातीवर फुली ओढली.

आश्रुबानं खाली मान घालून फुलीकडं बघितलं. फुली पडलेला माल त्यानं जन्मात कधी अडवला नव्हता. तो वाकला आणि शिंका ऐकून पायाशी आलेल्या आम्रपालीला त्यानं उचललं.

ती वरून सगळं घर न्याहाळून म्हणाली, "उशी बी घे."